कोल्हापूर ते मिरज : पान कुणी कापायचं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लोखंड कापणारी यंत्रं दिवसभर धडधडत असतात, आणि त्याच शहरात १८८३ साली स्थापन झालेल्या देवल क्लबात गाण्यासाठी तंबोरे जुळत आले आहेत. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँना आश्रय दिला, १९०६ मध्ये शाहू मिलही उभारली. सूर आणि यंत्र या शहराला कधी परके वाटले नाहीत. तंबोऱ्यांचं माहेर मात्र पन्नासेक किलोमीटरवर, मिरजेत. १८९१ पासूनच्या लोहमार्गानं रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर मागे टाकून कृष्णा ओलांडली, की सतारमेकर गल्ली जवळच. उद्यमनगरातली यांत्रिक कापणी या गल्लीतल्या जडावकामाला, म्हणजे वाद्यांवर बसवायच्या पानांच्या नक्षीला, चालेल का? माझ्या मते चालेल, पण ती कुठे थांबवायची हे कारागिरानं ठरवावं.

परंपरा बाटेल, हा पहिला आक्षेप. पण या गल्लीची परंपराच बदलातून जन्मली. शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी. तलवारींची मागणी आटल्यावर १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले. हस्तिदंताच्या नक्षीची जागा पुढे सेल्युलॉइडनं घेतली, आणि तो पदार्थ तर १८७० च्या आसपास अमेरिकी कारखान्यातून बाहेर पडलेला. मिरजेनं तो आपला केला, कारण गरम केला की तो मऊ पडतो आणि भोपळ्याच्या गोलाईवर वळतो.

यंत्राची मर्यादाही याच पदार्थात आहे. सेल्युलॉइड भुरकन पेट घेतं, म्हणून लेसरचा किरण त्याच्यावर धोक्याचा. संगणकावर चालणारं फिरतं पातं त्याहून बरं. दांडीच्या सरळ पट्ट्या आणि एकसारखी शंभर पानं ते सफाईनं कापेल. भोपळे मात्र पंढरपूर परिसरातल्या शेतातून येतात, आणि कुठलेही दोन सारखे नसतात. सपाट पत्र्यावर अचूक कापलेलं पान फुगवट्यावर टेकवलं की टोक उचलतं. मग कानशीनं कड किंचित घासायची, पुन्हा टेकवून पाहायचं. हे काम बोटांचंच. जवारीला, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद जुळवायला, तर कानही लागतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: पानं कापता कापताच शिकाऊ पोराचा हात बसतो, ते काम यंत्रानं नेलं तर तो शिकणार कुठे? मला हा धोका खरा वाटतो. म्हणूनच यंत्रामुळे वाचलेला वेळ जादा नगांवर न घालवता, त्याला फुटक्या भोपळ्यांवर पान बसवायला आणि रेषा कोरायला द्यावा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते टिकवायला असे हात लागतील. मिरजेला गेलात तर भोपळ्यावरच्या पानाच्या कडेवरून नख फिरवून पाहा. ते कुठे अडलं नाही, तर बसवणाऱ्याची मजुरी घासाघीस न करता द्या.