इदु खरे एनु?

भयंकर सिनेमा पाहिला की आपण स्वतःची समजूत घालतो, ‘शेवटी सिनेमाच तो!’ पण काही चित्रपटांपुढे ही समजूत टिकत नाही. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) हा त्यांतलाच एक. नाना पाटेकरांनी उभा केलेला त्यातला थंड डोळ्यांचा तरुण सहजासहजी विसरता येत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत घरी हा चित्रपट लावला होता. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने मध्येच माझा हात घट्ट धरला आणि विचारले, ‘‘आई, इदु खरे एनु?’’ ‘खरे’ हा शब्द आपल्या बेळगावात मराठीचा तसा कन्नडचाही. मी म्हटले, ‘‘हो गं, पुण्यात घडलेले आहे.’’

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्याचे नाव घरात मोठ्यांकडून ऐकले होते, तपशील माहीत नव्हते. त्या रात्री वाचत बसले. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. मारेकरी एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला! त्यांच्यातलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला आणि १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. आपल्या बाकांवर बसणाऱ्या वयाची ही मुले! शिक्षकाच्या पोटात गोळा येणारच.

पण मी थबकले ती मृतांच्या यादीतल्या एका नावापाशी : काशिनाथशास्त्री अभ्यंकर. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात ते, त्यांच्या पत्नी, दोन नातवंडे आणि घरची मोलकरीण अशा पाच जणांचा जीव गेला.

संस्कृत घेऊन एम.ए. करताना ज्यांचा व्याकरणकोश मी जवळजवळ रोज उघडत होते, तेच हे का. वा. अभ्यंकर! बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६१ मध्ये काढलेला तो कोश. पाणिनीच्या परंपरेतली एखादी संज्ञा अडली, की आम्ही त्याच्याकडे धाव घ्यायचो. पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणणारे वासुदेवशास्त्री अभ्यंकर हे त्यांचे वडील. म्हणजे दोन पिढ्यांची विद्या त्या घरात नांदत होती. कोशाची सुधारलेली आवृत्ती १९७७ मध्ये निघाली, तेव्हा शास्त्रीबुवा नव्हते.

मारेकऱ्यांवर सिनेमा निघाला. त्यांच्यातल्या एकाचे ‘येस, आय अॅम गिल्टी’ हे पुस्तकही आले. म्होरक्याचे आडनाव आजही पुण्यात जुन्या लोकांच्या तोंडी आहे. त्यात नवल नाही; माणसाला वाईटाचे कुतूहल असतेच. मात्र त्या कुतूहलात गेलेली माणसे नुसता आकडा होऊन बसतात. त्या घरातल्या मोलकरणीवर तर कुणी कोशही लिहिलेला नाही. तिच्यासाठी थांबायला मला पुस्तकाची ओळख का लागावी, हा प्रश्न मला अजून छळतो.

‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी पडद्यावर आली, की मारेकरी कोण यापाठोपाठ, गेले कोण आणि ते जगत कसे होते, हेही विचारायला हवे. यंदा वर्गात तो कोश काढीन, तेव्हा मुलांना शास्त्रीबुवांविषयी सांगणार आहे. आधी त्यांचे काम. ते गेले कसे, हे अगदी शेवटी.