डीलचे नावाडी आणि गोदीतला गाववाला

केंट परगण्याच्या पूर्व किनाऱ्यावर डील नावाचे एक लहानसे गाव आहे. आमच्या घरापासून मोटारीने पाऊण तासाच्या अंतरावर असलेल्या या गावी गेल्या सोळा वर्षांत आम्ही अनेकदा गेलो. परंतु गेल्या उन्हाळ्यात माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते मुंबईहून आले, तेव्हाची भेट वेगळी ठरली. त्या दिवशी माझे एक जुने असत्य उघडे पडले. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

डीलला बंदर नाही. किनाऱ्यावर वाळूही नाही, केवळ गोट्यांचा उतार आहे आणि त्यावर ओढून ठेवलेल्या काही होड्या. त्यांपैकी एका होडीला रंग देत असलेल्या वृद्ध गृहस्थांशी आमचे बोलणे सुरू झाले. त्यांचे पूर्वज याच किनाऱ्यावरचे नावाडी होते. ते अभिमानाने सांगत होते आणि आप्पा लक्षपूर्वक ऐकत होते. मग त्यांनी सहज विचारले, “आणि तुमच्या घराण्यात काय काम चाले?” मी सवयीने उत्तर दिले, “माझे आजोबा मुंबईत शिपिंगमध्ये होते.”

हे वाक्य मी या देशात किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. ते सुबक आहे, त्यावर पुढचा प्रश्न येत नाही. आप्पांना इंग्रजी बोलायला अवघड जाते, पण समजते. ते त्या वेळी काहीच बोलले नाहीत.

पुढची हकीकत सांगण्यापूर्वी डीलच्या नावाड्यांचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आप्पांना बोलते केले ते त्याच इतिहासाने.

डीलसमोर सुमारे सहा किलोमीटरवर समुद्रात गुडविन सँड्स हा वाळूचा प्रचंड पट्टा आहे. लांबी सुमारे सोळा किलोमीटर. ओहोटीला त्याचा काही भाग उघडा पडतो, भरतीला तो दिसेनासा होतो. या पट्ट्याने शेकडो जहाजे गिळली. मात्र हाच पट्टा लाटांना अडवतो, म्हणून तो आणि किनारा यांच्यामधले पाणी, ज्याला डाउन्स म्हणतात, जहाजांना नांगर टाकून थांबण्याची जागा झाले. शिडाच्या काळात लंडनहून निघालेली जहाजे अनुकूल वाऱ्याची वाट पाहत येथे दिवसेंदिवस थांबत. कधी कधी त्यांची संख्या शेकड्यांत जाई. आपल्या मुंबईकडे येणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही त्यांत असत.

बंदर नसलेल्या या किनाऱ्यावरून त्या जहाजांची सारी गरज भागवली ती नावाडी कुटुंबांनी. वाटाडे, उतारू, टपाल, भाजीपाला, पिण्याचे पाणी, सर्व काही त्यांच्या होड्यांतून जाई. त्यांच्या शिडाच्या मोठ्या होड्यांना लगर म्हणत. वादळात एखाद्या जहाजाचा नांगर तुटला, तर काही टनांचा नवा नांगर आणि साखळदंड लगरमध्ये घालून हे लोक उसळत्या समुद्रात जात. होडी लोटताना गोट्यांवर वंगण लावलेल्या लाकडी फळ्या मांडायच्या, लाट नेमकी हेरायची आणि दोर सोडायचा. क्षणाची चूक झाली तर होडी आडवी पडून फुटे. परत आल्यावर उभ्या रहाटाला दोर गुंडाळून ती वर ओढायची. वडिलांकडून मुलाकडे आलेली ही विद्या होती. तिचे पुस्तक नव्हते.

मात्र या लोकांविषयी जे लिहिले गेले, ते पाहण्याजोगे आहे. नोव्हेंबर १७०३ मध्ये इंग्लंडवर महाभयंकर वादळ आले. एका रात्रीत गुडविन सँड्सवर राणीच्या आरमाराची चार जहाजे फुटली आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. पुढच्याच वर्षी डॅनियल डिफो यांनी त्या वादळावर पुस्तक काढले आणि त्यात डीलच्या लोकांवर ठपका ठेवला: वाळूवर अडकलेली माणसे हाका मारत असताना हे लोक वाहून आलेला माल गोळा करत होते. गावाने याचा संतप्त निषेध केला. गावाच्या आठवणीत तर दुसरीच कथा आहे. तेव्हाचे महापौर सायमन प्रिचर्ड यांनी सरकारी मदत नाकारली गेल्यावर स्वतः पैसे देऊ करून नावाड्यांना समुद्रात पाठवले आणि सुमारे दोनशे जीव वाचले, असे तेथे सांगितले जाते.

नावाडी चोरटा व्यापार करत, हे खरे आहे. चहा आणि ब्रँडी फ्रान्सच्या बाजूने आणून रातोरात उतरवली जाई. १७८० च्या दशकात एका हिवाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, पंतप्रधान विल्यम पिट यांनी सैन्य पाठवून त्या जाळून टाकल्या. कोणाची होडी चोरीच्या मालाची आणि कोणाची पोटापाण्याची, याची निवड आगीने केली नाही. पुढे १७९२ मध्ये हेच पिट त्या किनाऱ्याचे लॉर्ड वॉर्डन झाले आणि शेजारच्या वॉल्मर किल्ल्यात राहू लागले.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. १८५६ मध्ये वॉल्मरला आणि १८६५ मध्ये उत्तर डीलला लाईफबोट आली. होडी संस्थेची, पण हात त्याच नावाड्यांचे. १८९२ मध्ये खलाशांच्या सेवेतले धर्मोपदेशक ट्रेनर यांनी या लाईफबोटींवर पुस्तक लिहिले आणि उत्तर डीलचे रिचर्ड रॉबर्ट्स, किंग्जडाउनचे जार्विस्ट आर्नोल्ड अशा सुकाणूधारकांना नावानिशी वीर ठरवले. तोपर्यंत वाफेची जहाजे आली होती. त्यांना वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती, म्हणून डाउन्समध्ये थांबण्याचे कारण उरले नाही. ज्या दशकांत नावाड्यांना मान मिळाला, त्याच दशकांत त्यांची भाकरी गेली.

गावातील सागरी संग्रहालयात आप्पा बराच वेळ रेंगाळले. बाहेर आल्यावर आम्ही टाइमबॉल मनोऱ्यासमोरच्या बाकावर बसलो. १८५५ पासून या मनोऱ्यावरचा मोठा गोळा दुपारी बरोबर एक वाजता खाली पडे आणि डाउन्समधली जहाजे त्यावर आपली घड्याळे लावून घेत. आजही तो पडतो. तो पडताना पाहून आप्पा म्हणाले, “आपल्याकडे गोदीचा भोंगा होता.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, “आमचे बाबा शिपिंगमध्ये नव्हते गं. गोदीत ओझी वाहत होते.”

मी मान खाली घातली. पण त्यांच्या स्वरात राग नव्हता. मला जे आयुष्यभर तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होते, ते त्यांनी प्रथमच सलग सांगितले.

आजोबा रत्नागिरीकडचे. गावकीची हक्काची म्हणून लादलेली कामे टाकून ते कोवळ्या वयात मुंबईला आले. गिरण्यांच्या कापडखात्याचे दार आपल्या माणसांना बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ होई. गोदीत मात्र पाठीला जात विचारत नसत. मुकादम सकाळी टोळीसाठी माणसे निवडी. निवड झाली तर दिवसाची मजुरी, नाही तर शिवडीच्या चाळीत परत.

१४ एप्रिल १९४४ रोजी बाबासाहेबांच्या जयंतीसाठी आजोबांनी खाडा केला. टोळीतली जागा रिकामी राहू नये, म्हणून त्यांनी आपल्याच भागातल्या एका माणसाला मुकादमापुढे उभे केले. त्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकाच जहाजात भरलेली होती. चारनंतर दोन स्फोट झाले आणि मुंबई हादरली. शेकडो माणसे गेली. अग्निशामक दलाचे ६६ जवान आग विझवताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु रोजंदारीवरच्या हमालांची नावे अशी कोणी उच्चारत नाही.

“बाबांच्या जागी गेलेला तो माणूस परत आला नाही,” आप्पा म्हणाले. “दर जयंतीला मिरवणुकीत जाण्याआधी बाबा एकटेच थोडा वेळ दारात उभे राहायचे. आम्हाला वाटायचे, हार येण्याची वाट बघतात.”

मी विचारले, “नाव काय होते त्यांचे?”

“बाबा त्याला गाववाला म्हणायचे. मीही कधी विचारले नाही.”

समोर समुद्र शांत होता. त्या पट्ट्यावर बुडालेल्या जहाजांची नावे आम्ही नुकतीच संग्रहालयात वाचली होती. लाईफबोटीच्या फलकांवर तर जहाज, तारीख आणि वाचवलेल्या जीवांची संख्या ओळीने लिहून ठेवतात. आणि ज्या माणसाच्या जागी माझे आजोबा जगले, म्हणून आप्पा जन्मले, म्हणून मी, म्हणून माझी मुले, त्या माणसाचे नाव आमच्या घरात कोणालाही माहीत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. डीलच्या नावाड्यांची वंशपरंपरा आणि आपल्यावर लादलेली वंशपरंपरा या एक नव्हेत. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात दाखवून दिले की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. नावाड्याचा मुलगा गरिबीमुळे होडीवर जाई. पण तो सुतार झाला असता तर कोणत्याही धर्मग्रंथाने त्याला शिक्षा सांगितली नव्हती. आपल्या पूर्वजांना काम सोडणे हाच अपराध होता. म्हणून आजोबांनी गावकी सोडली, हे माझ्या दृष्टीने गुडविनच्या वाळूवर होडी नेण्याइतकेच धाडसाचे आहे.

डीललाही निर्मळ ठरवण्याचे कारण नाही. एकेकाळी ज्या गावाला सरसकट चोर म्हटले गेले, त्याच गावात जवळच्या बेटशँगर कोळसा खाणीत कामगार आले तेव्हा, खाणकामगारांना खोली मिळणार नाही, अशा पाट्या लागल्या होत्या. मुंबईत आणि पुण्यात आडनाव विचारून घर नाकारल्याचा अनुभव असणाऱ्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अपमान सोसलेला माणूस आपोआप करुणावान होत नाही. करुणा जोपासावी लागते.

तरीही नावाड्यांच्या घराण्यांकडून एक गोष्ट आपण घ्यावी असे मला वाटते. डिफो यांनी त्यांना लुटारू म्हटले, ट्रेनर यांनी वीर म्हटले. दोघेही होडी ओढणारे नव्हते. परंतु त्या घरांनी आपली आठवण दुसऱ्याच्या हाती पूर्णपणे सोपवली नाही. कोणत्या पूर्वजाने कोणती होडी चालवली, कोण कोणत्या वादळात गेला, हे तो रंग देणारा वृद्ध गृहस्थ न अडखळता सांगत होता. चोरट्या मालाची गोष्टही त्याने लपवली नाही. मी मात्र ‘शिपिंग’ हा गुळगुळीत शब्द पुढे करून, कोणी न विचारताच माझ्या आजोबांना त्यांच्या पाठीवरच्या ओझ्यासह खोडून टाकले होते. ज्या व्यवस्थेने त्यांचे नाव लिहिले नाही, तिचे उरलेले काम मी करत होते.

मंगल सुत्तात तथागतांनी कृतज्ञतेची गणना उत्तम मंगलांमध्ये केली आहे. कृतज्ञता म्हणजे केलेले जाणणे. जाणण्यासाठी आधी विचारावे लागते. विदेशात आलेल्या आपल्या पिढीजवळ आई-वडिलांना विचारण्याचा काळ थोडा उरला आहे. दूरध्वनीवर आपण प्रकृती विचारतो, हवामान विचारतो. पण तुमचे वडील कोणते काम करत, कोणाबरोबर करत, त्यांची नावे काय, हे विचारत नाही.

मुंबईला परतल्यावर आप्पांनी शिवडीच्या जुन्या शेजाऱ्यांकडे चौकशी सुरू केली आहे. त्या काळचे आता कोणी उरलेले नाही, पण त्यांची मुले आहेत. नाव कदाचित मिळणार नाही. येत्या १४ एप्रिलला आमच्या घरी बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन केल्यावर आम्ही त्या अनाम माणसासाठी दोन मिनिटे उभे राहू, आणि माझ्या मुलांना मी सांगेन की, तुमचे पणजोबा मुंबईच्या गोदीत हमाल होते.

डीलच्या त्या गृहस्थांनाही सांगायचे आहे. होडीचा रंग वाळण्यापूर्वी जाऊन सांगावे असे आप्पांनी त्याच दिवशी सुचवले होते. आम्ही परत गेलो, तेव्हा ते निघून गेले होते.

जय भीम.