उजेडाची हमी

विजय मल्ल्याला लंडनहून फरफटत आणा, असं मी बरीच वर्षं चारचौघांत ठासून सांगत असे. बँकेच्या वसुली विभागात हयात गेलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. ट्रॅक्टरचे हप्ते थकले की आम्ही शेतकऱ्याच्या दारावर नोटीस चिकटवायचो, जामीनदारालाही सोडायचो नाही. आणि नऊ हजार कोटींचा थकबाकीदार २ मार्च २०१६ रोजी विमानात बसून बिनबोभाट निघून गेला. त्यात जुलै २०१८ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयाने, त्याला जिथे ठेवणार होते त्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२चं भरदिवसा केलेलं चित्रीकरण मागवलं. आत उजेड येतो का, हे न्यायाधीशबाईंना पाहायचं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी आपल्या माणसांना येरवड्यात कोंडलं, ते आता आपल्या तुरुंगांच्या खिडक्या तपासणार?

आज मी तसं बोलत नाही. राग ओसरला म्हणून नव्हे, तर निवृत्तीनंतरच्या रिकामपणात निकालपत्रं वाचायला घेतली म्हणून.

पहिल्यांदा लक्षात आलं ते असं की, लंडनच्या न्यायालयांनी मल्ल्याचं नव्हे, भारताचं ऐकलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच न्यायाधीशबाईंनी, एमा अर्बथनॉट यांनी, त्याला पाठवायला हरकत नाही असा निकाल दिला, फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनी सही केली, एप्रिल २०२०मध्ये उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. हिरे व्यापारी नीरव मोदीच्या बाबतीतही तेच झालं: फेब्रुवारी २०२१ मध्ये खाली हरला, नोव्हेंबर २०२२ मध्ये वर हरला. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून हमीपत्रांचे स्विफ्ट संदेश परदेशी बँकांना जात होते आणि बँकेच्या स्वतःच्या संगणकात त्यांची नोंदच होत नव्हती, हा सगळा माग कागदावर होता. कागद चोख, म्हणून निकाल चोख. १९९२ च्या भारत-ब्रिटन प्रत्यार्पण कराराची अटच ती आहे. प्रथमदर्शनी पुरावा दाखवा, कृत्य दोन्ही देशांत गुन्हा ठरत असलं पाहिजे, आणि ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवा. कागदाविना दावा पडतो हे मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवत आलो होतो. लंडनच्या न्यायाधीशाने मात्र वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांवर माणूस द्यावा, असं मला का वाटत होतं, कोण जाणे.

एक राग मात्र मी सोडलेला नाही. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाण्याची परवानगीही मल्ल्याला नाकारली गेली, आणि तरी तो तिथेच राहिला. काहीतरी गोपनीय कायदेशीर बाब शिल्लक आहे, एवढंच ब्रिटिश सरकार सांगत आलं. न्यायालयाने वर्षानुवर्षं तपासून दिलेला निकाल एका बंद फायलीखाली दबावा, याचं समर्थन कुणीही करू नये.

माझ्या मताला खरा धक्का दिला तो संजय भंडारीच्या निकालाने. शस्त्रास्त्र व्यवहारातला हा दलाल. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याला भारतात पाठवायला नकार दिला. तिहारमध्ये कैदी किंवा कर्मचारी त्याच्याकडून खंडणी उकळतील, मारहाण होईल, हा धोका न्यायालयाला खरा वाटला. मी चिडायच्या तयारीने वाचायला बसलो आणि चिडता येईना. तुरुंगात पैसे मोजल्याशिवाय सोय होत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. न्यायालयाने ते लिहून काढलं इतकंच. आणि लिहिताच एक माणूस आपल्या हातून सुटला.

मग नीरव मोदीबरोबरचा, हमीपत्र घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सी. एप्रिल २०२५ मध्ये तो बेल्जियममध्ये पकडला गेला, आणि सप्टेंबरात आपल्या गृहमंत्रालयाने बेल्जियमला लेखी हमी दिली: बराक १२, माणशी किमान तीन चौरस मीटर जागा, जाड सुती गादी, उशी, चादर, पांघरूण, औषधोपचार. अँटवर्पच्या न्यायालयाने प्रत्यार्पण मान्य केलं, डिसेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपील फेटाळलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्या यादीतल्या उशीपाशी मी अडलो. त्याच आर्थर रोडच्या आवारात बाकीच्या बराकींत मंजूर क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंबलेली असतात. देशभरातल्या तुरुंगांत चारांतले तीन कैदी कच्चे, म्हणजे गुन्हा शाबित न झालेले. मोबाइल चोरल्याच्या आरोपाखालच्या पोराला तीन चौरस मीटर मिळतात का, हे विचारायला अँटवर्पचं न्यायालय येत नाही. पूर्वी मी विचारत असे, ‘हे गोरे आमचे तुरुंग का तपासतात?’ आता विचारतो, ‘चोक्सीपुरतेच का?’

वसुलीवाल्याने पैशाबद्दलही बोललं पाहिजे. मल्ल्याच्या जप्त मालमत्तेतून १४,१३१ कोटी रुपये सरकारी बँकांना परत मिळाल्याचं अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. माणूस लंडनमध्ये, आणि पैसा बँकेत! प्रत्यार्पणाशिवाय वसुलीच होत नाही, हे माझं जुनं पालुपद तिथेच संपलं. मल्ल्या हाच आकडा पुढे करून ‘आता माझ्यामागे का लागता’ म्हणतो, ते मला मान्य नाही. कर्ज फिटलं म्हणून फसवणुकीचा खटला मिटत नाही. खटला चालायला माणूस इथे लागतो, आणि तो यायचा तर परदेशी न्यायालयाला आपला शब्द पटावा लागतो. गुंड अबू सालेमला पोर्तुगालकडून घेताना पंचवीस वर्षांपेक्षा जास्त डांबणार नाही, असं आपण कबूल केलं होतं. ते सरकारला पाळावंच लागेल, असं २०२२ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. तेव्हा मला तो निकाल मवाळ वाटला होता. आता वाटतं, असा एक निकाल परदेशी न्यायालयापुढे दहा वकिलांचं काम करतो.

म्हणून राज्य सरकारला आणि तुरुंग विभागाला माझं एवढंच सांगणं आहे. बेल्जियमला जी हमी कागदावर दिली, तीच मुंबई उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर द्या. चोक्सीच्या नावाने नको. आर्थर रोडमधल्या प्रत्येक कैद्याच्या नावाने द्या, गादी-उशीसकट.