घोडेगांवचा लाकडी ओटा

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे खेडास भीमा ओलांडावी लागते. या खेडास आतां राजगुरुनगर म्हणतात. पुढें मंचर लागतें, आणि तेथून पश्चिमेस वळलें कीं घोडनदीच्या कांठचें घोडेगांव येतें. हीच वाट पुढें श्रीभीमाशंकरास जाते. तालुक्याचें नांव आंबेगांव, परंतु कचेऱ्या घोडेगांवीं. आणि ज्या गांवानें तालुक्यास नांव दिलें, तें जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. त्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलें आहे. परदेशी कापडाच्या मोटारीपुढें १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत प्राण देणारा हा तरुण याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचा. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे बुडालेल्या गांवाचे अवशेष वर दिसूं लागतात, आणि त्या गांवची माणसें तें पाहून मुकाट्यानें परततात.

या बुडालेल्या गांवाचा एक तुकडा आम्हीं घोडेगांवीं एका परसबागेंत पाहिला. गेल्या वैशाखांत आमचा मुक्काम आमच्या कैलासवासी चुलत बंधूंच्या घरीं होता. वहिनी, पुतणे, सुना व नातवंडें असें तें भरलें घर. मागील बागेंत विहिरीजवळ बारा हात लांब व सात हात रुंद असा लाकडी ओटा होता. दगडी उथळ्यांवर ऐनाच्या तुळया आणि त्यांवर सागवानी फळ्या, अशी त्याची बांधणी. मुलांचा परवचा येथेंच, पापड-कुरडयांचें वाळवणही येथेंच. या फळ्या म्हणजे आंबेगांवच्या घराच्या माडीची तक्तपोशी. धरणाचें पाणी चढण्यापूर्वीं घर उतरवून लाकूड येथें आणलें. परंतु एका घराचें लाकूड दुसऱ्या घरास लावूं नये, असें वडीलधाऱ्यांनीं सांगितल्यावरून तें नव्या घरांत न जातां उघड्यावर ओटा होऊन बसलें.

यंदा एका नातवाचा पाय कुजक्या फळींतून खालीं गेला, तेव्हां ओटा काढण्याचें ठरलें. धाकटा पुतण्या म्हणाला, “काका, सगळाच मोडून सिमेंटचा करूं. वखारवाला जळाऊ लाकडाच्या भावानें उक्ता न्यायला तयार आहे.” वहिनी जरा वेळानें म्हणाल्या, “याच फळ्यांवर माझीं मुलें रांगलीं. गांव पाण्यांत गेलें. एवढ्याच काय त्या उरल्या. पण घरांत घ्याव्या तर शास्त्र आड येतें. भावोजी, तुम्ही संस्कृत शिकलेले, तुम्हीच सांगा.”

वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत जुन्या वास्तूचें लाकूड नव्या वास्तूस वर्ज्य सांगितलें आहे खरें. परंतु निषेध वाचतांना त्याचें बीज पाहावें. वीज पडलेलें, स्मशानांतलें, देवळाजवळचें झाडही तेथें वर्ज्य आहे. यांतील कांहीं नियम धर्मभावनेचे, तर कांहीं लाकडाच्या परीक्षेचे. जुन्या तुळईंत पूर्वींच्या सांध्यांचीं भोकें असतात, पोटांत वाळवी असूं शकते. तिच्यावर नव्या माडीचा भार घालणें धोक्याचेंच. हा दोष पाटास, झोपाळ्यास किंवा पुस्तकांच्या फळीस लागत नाहीं. शिवाय, गांव बुडतांना आपल्याबरोबर आलेल्या लाकडास जन्मभर दाराबाहेर ठेवावें, असें कोणाही शास्त्रकाराच्या मनांत नसेल. आमचें मत आम्हीं वहिनींस असें सांगितलें.

लाकूड जुनें झालें म्हणून वायां गेलें, ही समजूतही खरी नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतास लाकडी कमानी आहेत. त्या सुमारें दोन हजार वर्षांच्या मानतात. खडकाच्या पोटांत त्यांस पाऊस लागत नाहीं, म्हणून त्या टिकल्या. आमच्या ओट्यास तीसएक पावसाळ्यांनींच जर्जर केलें. लाकडाचा वैरी काळ नव्हे, सांचलेलें पाणी होय.

हें ओटा उकलतांना स्पष्ट दिसलें. सुतारास पहार घालूं दिली नाहीं. प्रथम प्रत्येक फळीवर खडूनें आंकडा घातला. गंजलेला खिळा एकदम ओढला तर फळी चिरते. म्हणून त्यास आधीं हातोडीचा हलका ठोका देऊन गंजाची पकड सोडविली, मग उपटला. जे मुळींच हलेनात, ते खालून लोखंड कापण्याच्या करवतीनें कापले. मग टोच्यानें व हातोडीनें परीक्षा. चांगलें लाकूड खणखणतें, कुजलेलें बद्द वाजतें आणि टोचा त्यांत लोण्यासारखा शिरतो. कूज कोठें होती? फळ्यांच्या टोंकांस, आणि तुळईवर पालापाचोळा अडकून ओल धरी तेथें. मधला भाग व खालची बाजू पक्की होती. चोवीस फळ्यांपैकीं चारच टाकाऊ निघाल्या, पांच निम्म्या उरल्या, पंधरा टोंकें कापल्यावर निर्दोष ठरल्या. त्या सावलींत, मध्यें पट्ट्या घालून वारा खेळेल अशा रचल्या. उन्हांत टाकल्या असत्या तर वांकल्या असत्या. महिन्यानें रंधा मारला, तोही राहिलेले खिळे शोधून काढल्यावरच.

एक सूचना येथें केली पाहिजे. ओट्याच्या कडेस जुना हिरवा तैलरंग होता. जुन्या तैलरंगांत बहुधा शिसें असतें; तें लाकूड जाळलें तर धूर व राख दोन्ही घातक. म्हणून त्या कडा कापून निराळ्या ठेविल्या. त्या बंबांत घातल्या नाहींत, कीं भाजीच्या वाफ्याशेजारीं पुरल्या नाहींत. अमेरिकेंत घरामागील असे ओटे पुष्कळ असतात. तेथें सोमल, तांबें व क्रोमियम यांच्या मिश्रणांत मुरविलेलें लाकूड घरगुती कामांस वापरीत. २००३ सालच्या अखेरीस तें बंद झालें. ज्या वाचकांचीं मुलें तिकडे आहेत, त्यांनीं जुना ओटा मोडतांना ही गोष्ट त्यांस अवश्य कळवावी.

लांब फळ्यांचा ओसरीवर झोपाळा झाला. कांहींचीं मुलांच्या पुस्तकांसाठीं फडताळें झालीं, निम्म्यांचे जेवणाचे पाट. ऐनाच्या तुळया दुधीच्या मांडवास गेल्या. मात्र त्यांचे बुंधे मातींत न पुरतां दगडावर टेकविले. ओट्याच्या जागीं मुरूम ठोकून उताराच्या फरशा बसविल्या. देवघरांत मात्र वहिनींनीं एकही फळी येऊं दिली नाहीं. त्यांच्या भावनेस आम्हीं धक्का लाविला नाहीं.

धाकट्या पुतण्याच्या हिशेबीं हा व्यवहार तोट्याचा. वखारीचे पैसे बुडाले, सुताराची मजुरी अंगावर पडली. वहींत तो तोटाच दिसेल, हें आम्हांस मान्य आहे. परंतु वहींत रानाचा हिशेब मांडलेला नसतो. १७३० सालीं थोरल्या बाजीरावांनीं शनिवारवाड्याचा पाया घातला, तेव्हां साग जुन्नरच्या रानांतून नेला असें सांगतात. आणि १८२८ सालीं आग लागून तें सारें वैभव भस्म झालें. भीमाशंकरचें रान १९८५ पासून अभयारण्य आहे, आणि तें तसें असणेंच योग्य. असा साग आतां हवा तेव्हां तोडून आणण्याचा नव्हे. घरांत जेवढा आहे तेवढाच आपला.

ज्यांच्या घरीं जुना ओटा, माडी किंवा पडवी उतरविण्याचा प्रसंग येईल, त्यांनीं वखारवाल्यास बोलावण्यापूर्वीं टोचा घेऊन एकेक फळी पाहावी. भार सोसेल तिला भार द्यावा, न सोसेल तिला पाट करावें, आणि जें सर्वस्वी कुजलें तेंच टाकावें. घरांतल्या वृद्ध माणसांसही आपण याच न्यायानें वागवितों, निदान वागवावें.