मंडळी

ख्रिस्ती समाजात धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणतात आणि उपासकांच्या समुदायाला ‘मंडळी’. बायकोलाही आपण मंडळीच म्हणतो! रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरची मंडळी, लक्ष्मीबाई, काही काळ दुरावल्या. १९०० साली त्याही त्याच मंडळीत आल्या.

नगरकडचे एक वृद्ध पाळक गंगाखेडला मुलाकडे येत. तेव्हा आमच्या गप्पा होत. पत्नी वारली त्या वर्षी त्यांनी जेवणखाण, उपदेश, सारेच सोडले होते. मंडळीतल्या बायकांनी पाळी लावून भाकरी आणली. ते जेवेपर्यंत त्या उठत नसत. दोघे तरुण रात्री सोबतीला निजत. रविवारी त्यांना शब्द फुटला नाही, तर दुसरा कोणी प्रार्थना करी.

“माझी मंडळी गेली, मास्तर,” ते म्हणाले, “पण मंडळीने मला टाकले नाही. पाळक मी कसला? पाळले ते त्यांनी!”

मला नवल वाटले नाही. गोदाकाठचे हे जनाबाईचे गाव. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीसंगे विठ्ठल दळू लागे, असे इथल्या बायका सांगतात. सेवा करणाराही थकतो. त्याच्या जात्याला कुणीतरी हात लावावा लागतो.