छापण्याआधी कुणीतरी वाचलं पाहिजे

‘तीन दिवसांत शोधनिबंध प्रकाशित, सोबत प्रमाणपत्र.’ कॉलेजात शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या व्हॉट्सॲपवर अशा जाहिराती सतत येत असतात. खाली फीचा आकडा आणि ‘पिअर रिव्ह्यूड’ असा शिक्का. तीन दिवसांत तो निबंध कोण वाचणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

खरं तर पिअर रिव्ह्यू म्हणजे हे वाचणंच. संपादक आलेला निबंध त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. बहुधा त्यांची नावं लेखकाला कळत नाहीत आणि या कामाचे पैसेही सहसा मिळत नाहीत. अभ्यासाची पद्धत योग्य आहे का, पुराव्यातून तोच निष्कर्ष निघतो का, हे ते तपासतात आणि शंका लिहून कळवतात.

ही तपासणी भल्याभल्यांना रुचत नाही. १९३६ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपादकांनी तो परीक्षकाकडे पाठवला आणि परीक्षकाने चुका दाखवल्या. आइन्स्टाइन भडकले. छापण्याआधी निबंध इतरांना दाखवायची परवानगी मी दिलीच नव्हती, असं कळवून त्यांनी तो परत घेतला. पुढे दुसऱ्या नियतकालिकात तो छापून आला, तेव्हा मात्र चूक दुरुस्त झालेली होती आणि निष्कर्षही बदललेला होता. ते निनावी परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होते, हे कितीतरी वर्षांनी उजेडात आलं. २०१५ मध्ये या लहरी प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. त्या शोधाचा निबंध परीक्षणातून गेल्यावरच फेब्रुवारी २०१६ मध्ये जगाला बातमी सांगितली गेली.

परीक्षकांची नजर चुकतेही. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल सुमारे ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारलेला निबंध छापला आणि दोन आठवड्यांच्या आत तो मागे घ्यावा लागला, कारण मूळ माहितीची खातरजमाच होऊ शकली नाही. परीक्षक समोर ठेवलेला कागद वाचतो, दवाखान्यांच्या नोंदवह्या त्याच्या हाती नसतात. त्यामुळे परीक्षण झालं म्हणजे ते सत्यच, असं समजू नये.

तरीही ते का हवं, हे मला एका विद्यार्थिनीमुळे नीट उमगलं. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांवर तिने निबंध लिहिला होता. परीक्षकाची दोन पानी टिपणी आली, तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, “सर, यांनी काहीच ठेवलं नाही.” टिपणीत एक प्रश्न होता: घरी बसून कांड्या भरणाऱ्या बायका या अभ्यासात कुठे आहेत? ती स्वतः अशाच घरातली. पुन्हा गल्लोगल्ली फिरली, बायकांशी बोलली, मजुरीचे हिशेब मांडले. निबंध छापायला वर्ष गेलं, पण त्यात आधी नसलेली माणसं आली. तीन दिवसांत छापणाऱ्याने तिला हा प्रश्न विचारलाच नसता.

आपल्याकडे बढती आणि पीएचडीसाठी निबंध मोजायची सवय लागली आणि त्यातून हा बाजार फोफावला. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकावी लागली. यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते पहिल्या पिढीतल्या संशोधकांचं. घरात विचारायला कुणी नाही, हाताशी पैसा नाही. कर्ज काढून फी भरायची आणि पुढे मुलाखतीत तोच निबंध कमीपणा आणतो.

म्हणून कुणी जर्नलचं नाव विचारायला आलं की मी सांगतो, तिथे छापलेल्या दोघा-तिघांना फोन करा. परीक्षकाने काय विचारलं होतं, एवढंच विचारा. ‘काहीच नाही, पाठवला तसा छापला’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा.