हुकूम आणि विवेक

पुणे

चि. अरविंद यास अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

नाशिकच्या पोलीस अकादमीत तू रुजू झाल्याचे वर्तमान कळून आम्हां सर्वांस धन्यता वाटली. कायद्याचा अभ्यास तिथे तुझ्याकडून करवून घेतला जाईलच. परंतु कलमांच्या पलीकडची एक गोष्ट तुझ्या कानी घालावी असे मनात आहे, आणि ती मला एस्टोनियातल्या एका चित्रपटाने शिकवली.

तालिन्नफिल्म या संस्थेने १९७९ साली काढलेल्या त्या चित्रपटाचे नाव ‘हुक्कुनुद अल्पिनिस्ती होटेल’, म्हणजे ‘मृत गिर्यारोहकाचे हॉटेल’. रहस्यकथेच्या ठरीव संकेतांची मनमुराद थट्टा करता करता वाचकाला एकाएकी अंतर्मुख करणारी स्त्रुगात्स्की बंधूंची रशियन कादंबरी त्याच्या मुळाशी असून, पटकथाही त्या दोघांनीच लिहिली. दिग्दर्शक ग्रिगोरी क्रोमानोव यांच्या ‘वीमने रेलिक्विया’ या १९६९ मधल्या साहसपटाला सोव्हिएत संघात कोट्यवधी प्रेक्षक लाभले होते. त्याच लोकप्रियतेच्या वाटेने पुन्हा न जाता त्यांनी या वेळी कादंबरीतला विनोद बराच आवरता घेतला आणि तिच्या पोटातला नैतिक प्रश्न वर आणला.

निनावी खबरीवरून इन्स्पेक्टर ग्लेब्स्की डोंगरातल्या त्या हॉटेलात येतो, तो तिथे सारे आलबेल! विक्षिप्त पाहुणे, मिस्कील मालक, नाचगाणे. मग हिमलोट कोसळून रस्ता बंद होतो, ओलाफ नावाचा तरुण मान पिरगाळलेल्या अवस्थेत सापडतो, आणि तपासाच्या ओघात एक पेटी इन्स्पेक्टरच्या ताब्यात येते. आपण परग्रहावरचे असून त्या पेटीवाचून आपल्या सोबत्यांचा जीव वाचणार नाही, अशी काकुळतीची विनवणी एक पाहुणा करतो. मात्र मुद्देमाल वरिष्ठांच्या हुकुमाविना सोडता येत नाही, या एका नियमाला ग्लेब्स्की चिकटून राहतो. आणि पेटी त्या अभाग्यांच्या हाती लागते तोवर उशीर झालेला असतो, बर्फावरून पळताना हेलिकॉप्टर त्यांना गाठते.

ही मंडळी जमवताना क्रोमानोव यांनी तिन्ही बाल्टिक देशांतून नट निवडले. ग्लेब्स्कीची कठोर मुद्रा लाटव्हियाच्या उल्दिस पूत्सीतिस यांची. हॉटेलमालक झालेले युरी यार्वेत हे दिग्दर्शक कोझिन्त्सेव यांच्या चित्रपटात लियर राजा म्हणून गाजलेले थोर एस्टोनियन नट. ओलाफ साकारणारे तीत हार्म मुळात बॅले नर्तक, त्यामुळे त्या देहाच्या डौलातच काहीतरी अमानवी जाणवते. ब्रून नावाची तरुण पाहुणी साकारणाऱ्या नियोले ओझेलीते यांनी पुढे ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाच्या स्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली. युरी सिल्लार्त यांच्या कॅमेऱ्याने कझाकस्तानातले पर्वत हिमशुभ्र आणि निर्दय केले, तर स्वेन ग्रुनबेर्ग यांच्या विद्युत्-वाद्यांच्या संगीताने त्या शुभ्रतेत एक अनामिक भय भरले. जेमतेम दहा-अकरा लाख लोक जी भाषा बोलतात तिच्यात, परक्या सत्तेच्या अमलाखाली राहून, आज्ञापालनाचा हा प्रश्न इतक्या धीटपणे मांडला गेला, याविषयी मला अतीव आदर वाटतो.

ग्लेब्स्की लाचखाऊ नाही, क्रूर नाही, आळशीही नाही. त्याचा पंचनामा बिनचूक असतो, आणि म्हणूनच तो मला भयावह वाटतो. ज्या माणसापाशी दोष शोधावा असे काही नाही, त्याच्याच हातून निरपराधांचा घात होतो. कारण समोर जे घडते आहे ते कुठल्याच कलमात बसत नाही, हे मान्य करण्याचे धैर्य त्याच्यापाशी नसते.

नियम मोड, असे मी तुला सांगत नाही. नियम मोडू लागलेला अंमलदार दुर्बळांनाच आधी तुडवतो, हे मी जाणतो. पण उद्या ठाण्यात एखादा मनुष्य अविश्वसनीय वाटणारी फिर्याद घेऊन आला, तर त्याला हाकलण्यापूर्वी त्याचे म्हणणे पुरते ऐक, दप्तरी नोंदव, आणि वरिष्ठांकडे त्याच्या वतीने भांडावे लागले तर भांड. एवढा अधिकार कायद्याने तुला दिलेलाच आहे. तो वापरणे हे तुझे कर्तव्य समज.

कळावे,
तुझा काका